चौथ्या चाकाची पाठ

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५
पाणी सव्वासहाला आलं, पावणेसातला गेलं. सोसायटीची नोटीस लागली: पुनर्विकासासाठी इमारत पंधरा डिसेंबरपर्यंत रिकामी करायची, जिन्याखालचं सामान त्याआधी. चाकांचे जाणकार श्री. रंगराव सुतार ११-१० ला आले. चहा नको म्हणाले, पाणीही नको म्हणाले. चाकांकडे चार मिनिटं पाहिलं. ‘पालथी घालून ठेवा, परवा येतो’ एवढं बोलून ११-१८ ला गेले. माणूस शिष्ट वाटला. दुपारी कोबी. संध्याकाळी डोकं दुखत होतं, गोळी घेतली नाही.

आपल्याला नारायण पेठेतल्या एका बाईंनी डायरीत ‘शिष्ट’ लिहून ठेवलंय, हे रंगरावांना कळलं असतं तर राग आला नसता. उलट बरंच वाटलं असतं. एकाहत्तर वर्षांत त्यांना विशेषणं पुष्कळ मिळाली होती, पण ती सगळी तोंडी. आडमुठा, विक्षिप्त, ‘चाकाला विचारल्याशिवाय न बोलणारा’. कागदावर उतरण्याइतकं महत्त्व आजवर कोणी दिलं नव्हतं.

रंगराव मूळचे मांजरीचे आणि अजूनही तिथलेच. त्यांचे वडील उसाच्या बैलगाड्यांची चाकं करायचे. लाकडी चाक तयार झालं की लोखंडाची धाव, म्हणजे गोल कडं, लालबुंद तापवून त्यावर चढवायची, वरून पाणी ओतायचं, आणि गार झाल्यावर हातोडीने टक्क करून वाजवायची. आवाज घुमला तर चाक पास, बद बोलला तर पुन्हा भट्टी. पुढे ट्रॅक्टर आले, बैलगाड्या गेल्या, आणि सतरा वर्षांचे रंगराव नाना पेठेत एका टायरवाल्याकडे लागले. तिथे त्यांनी तीच हातोडी मोटारीच्या चाकांवर चालवली. दहा वर्षांत असं झालं की गिऱ्हाईक चाक दारात टेकवायचं आणि मालक आतूनच ओरडायचा, ‘रंगाला दाखवा.’

शाळा त्यांची चौथीपर्यंत. इंग्रजी ते चाकांच्या पाठीवर शिकले. प्रत्येक चाकाच्या पाठीवर त्याचं माप आणि बनवणाऱ्याचं नाव ओतलेलं असतं, त्यामुळे जे आणि एक्स ही अक्षरं ते झोपेतही ओळखत. क्यू मात्र कधी फारसा भेटला नव्हता आणि भेटला तेव्हा ते त्याला फुटका ओ समजले.

मालक गेल्यावर दुकानही गेलं. आता बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात एक ताडपत्री अंथरून रंगराव बसतात. पुढ्यात सहा-सात चाकं असतात, पण खरा धंदा विकण्याचा नाही, सांगण्याचा. जुन्या गाड्यांचे शौकीन येतात, मोबाईलवर फोटो दाखवतात आणि ‘काका, ओरिजिनल आहे का?’ विचारतात. रंगराव मोबाईल अदबीने परत करतात. म्हणतात, ‘फोटूला पाठ नसती.’

चाक बघायची त्यांची रीत मुलगी बघायला जावं तशी. पहिल्या भेटीत नुसतं तोंड बघायचं, होकार-नकार काही द्यायचा नाही, आणि घरच्यांना जरा ताटकळत ठेवायचं. दुसऱ्या भेटीत पाठ. फरक एवढाच, की मुलगी बघायला गेलेले लोक आधी खातात. रंगराव निकाल देईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावत नाहीत.

याला कारण होतं. ब्याऐंशी साली कॅम्पातल्या एका शेठने त्यांना घरी बोलावून आग्रहाने मटण वाढलं आणि मग चार चाकं पुढ्यात टाकली. तिसरं चाक थोडं बद वाजलं होतं. रंगरावांच्या कानाने ते ऐकलं, पण पोटाने म्हटलं, राहू दे, एवढं जेवू घातलंय. पंधरा दिवसांनी ते चाक कात्रजच्या घाटात फुटलं. चालवणारा वाचला, हात मात्र कायमचा वाकडा राहिला. शेठने कधी तक्रार केली नाही, त्याचंच रंगरावांना जास्त लागलं. तेव्हापासून नियम: ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्या चाकावर बोलायचं नाही.

गुरुवारी ते मांजरीहून साडेसातच्या बसने निघाले, काही न खाता. हडपसरला बस पाऊण तास एकाच जागी उभी राहिली. नारायण पेठेत पोचायला साडेदहा झाले.

नलिनीबाई गुप्ते जिन्याखाली स्टूल टाकून तयारच बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, इस्त्रीचं पातळ, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. चारही चाकं वर्तमानपत्रांवर पालथी होती आणि प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी लावून एक ते चार आकडे टाकले होते. नलिनीबाईंच्या कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी मुलींना काय शिकवलं असेल ते असेल, पण आकडे असे वळणदार काढायला शिकवलं होतं की चाकांनाच संकोच वाटावा.

“रंगराव, आपण यायच्या आधी एक सांगून ठेवते,” त्या म्हणाल्या.

“मी आलोय बाई.”

“म्हणजे सुरू करायच्या आधी. मला भाव नंतर सांगा. आधी एवढंच सांगा, माझे यजमान फसले होते का?”

रंगरावांना चाकाबद्दल नाना प्रश्न विचारले गेले होते. हा नव्हता. ते खाली उकिडवे बसले आणि बाईंनी सगळी हकीकत सांगितली, तारखांसकट.

यजमान म्हणजे मोरेश्वर गुप्ते, टेलिफोन खात्यात इंजिनिअर. त्यांच्याकडे हेरल्ड मोटार होती. एकोणऐंशी साली घरात फ्रिज घ्यायचं ठरलं, पैसे जमले, आणि मोरेश्वरराव फ्रिज आणायला गेले ते ही चार चाकं घेऊन आले. परदेशात परतणाऱ्या कोणा साहेबाकडून घेतली, शर्यतीच्या गाडीची आहेत, मॅग्नेशियमची आहेत, अशी सगळ्या देशात चार-दोन संचही नसतील, असं त्यांचं म्हणणं. फ्रिज पुढे दोन वर्षांनी आला. त्या दोन वर्षांत दूध जितक्या वेळा नासलं, तितक्या वेळा नलिनीबाईंनी चाकांचा उद्धार केला. आलेल्या पाहुण्यांना त्या सांगत, ‘आमच्या गाडीला काजूकतलीसारखा वर्ख लावलेली चाकं आहेत, आत नुसतं भंगार.’ मोरेश्वरराव हसायचे. शहाण्णव साली हेरल्ड विकली तेव्हा त्यांनी तिला लोखंडी चाकं लावून दिली आणि ही ठेवून घेतली. कोणी जाणकार बघायला येतो म्हणाला, की काहीतरी सबब सांगून टाळायचे.

“खरी असती तर दाखवली नसती का? मी तोंडावर विचारायची त्यांना. गप्प बसायचे,” नलिनीबाई म्हणाल्या. “दोन हजार चौदाला गेले. आता वारज्याचा एक दिग्विजय म्हणून मुलगा आहे, जुनी हेरल्ड नव्यासारखी करतोय. उद्या येणार आहे चाकं बघायला. उद्यापासून ती जिन्याखाली नसतील आणि मला कधीच कळणार नाही. पस्तीस वर्षं मी त्या माणसाला फसलेला म्हटलं. खरंच फसला होता का, ते मला हवंय.”

रंगरावांनी मान डोलावली आणि सदऱ्याच्या खिशातून एक लिंबू काढलं. नलिनीबाईंनी लिंबाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“दृष्ट काढणार आहात?”

तपासायला लागतं, सुरी द्या, एवढंच ते म्हणाले. बाई लिफ्टने वर गेल्या. त्या येईपर्यंत रंगरावांनी पहिलं चाक मांडीवर घेतलं होतं. आठ आऱ्यांचं, रंगाचे दोन थर चढलेलं, पण वजनाला इतकं हलकं की हातात घेतल्यावर क्षणभर फसगत व्हावी. त्यांचं सगळं लक्ष हाताच्या तळव्यात उतरलं. नलिनीबाईंनी सुरी ठेवली, शेजारी एक बशी ठेवली आणि स्टुलावर बसल्या. रंगरावांचा उजवा हात चाकावरून फिरत राहिला. डावा हात, ज्याला सकाळपासून कोणी विचारलं नव्हतं, तो बशीकडे गेला.

अर्धी बशी संपल्यावर त्यांच्या तोंडाला कोथिंबीर लागली आणि ते थबकले.

“बाई, मी खाल्लं.”

“पोहे खाण्यासाठीच असतात, रंगराव.”

“तसं न्हाई. मी तुमचं मीठ खाल्लं.”

मग त्यांना आपला नियम सांगावा लागला, शेठ, घाट, वाकडा हात सगळ्यासकट. नलिनीबाईंनी ऐकून घेतलं. मीठ कमीच होतं, म्हणाल्या, मला ब्लड प्रेशर आहे. रंगराव म्हणाले, कमी असलं तरी मीठच. दुसरा कोणी जाणकार आहे का, असं बाईंनी विचारलं. होता एक, पण तो गेल्या वर्षी वारला आणि त्यालाही क्यू येत नव्हता, असं कळलं.

मग रंगराव उठले, पहिलं चाक वर्तमानपत्रावर नीट ठेवलं, कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. समोर विजेचे बारा मीटर होते.

“कुठं बघायचं ते मी सांगतो. काय दिसतं ते तुम्ही सांगा. मी वळून बघणार न्हाई. निकाल तुमचा.”

“मला चाकातलं काय कळतं?”

“लिवता येतंय न्हवं? मग झालं.”

नलिनीबाईंनी वही उघडली. वर तारीख घातली, खाली चार रकाने आखले. पट्टीने.

आधी बोल्टची भोकं. चार होती. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजायला सांगितलं. बाईंनी शिवणाची टेप आणली आणि मोजलं: पावणेचार इंच. चारही चाकांना तेवढंच. रंगराव मीटरना म्हणाले, हेरल्डच्या घराण्यातलं माप आहे, दुसऱ्या गाडीचं चाक कोणी गळ्यात मारलेलं नाही. मग अक्षरं. पाठीवर टाल्कम पावडर चोळून वरवर पुसायची, म्हणजे खळग्यात पांढरं राहतं आणि ओतलेलं नाव उठून दिसतं. बाईंनी लव्हेंडरच्या वासाची पावडर आणली, जिन्याखाली देवळासारखा सुगंध सुटला, आणि पहिल्या चाकाच्या पाठीवर एका परदेशी कंपनीचं नाव उमटलं. त्यांनी ते स्वच्छ उच्चारात वाचलं. ते नाव रंगरावांनी नकली चाकांवर हजारदा ओळखलं होतं, पण ते असं उच्चारतात हे त्यांना एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

“नाव कुणीबी टाकतंय,” ते म्हणाले. “आता लिंबू. आतल्या कडेला सुरीनं नखाएवढा रंग खरवडा, धातू उघडा करा, वर थेंब पिळा. मॅग्नेशियम असंल तर फसफसंल. अल्युमिनियम काय बोलत न्हाई.”

सुरी खरखरली. रंगरावांनी एका मीटरमधली फिरणारी चकती चार वेळा मोजली.

“काय झालं बाई?”

“फसफसतंय,” नलिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. “सोडावॉटरसारखं.”

रंगरावांना वळून बघावंसं वाटलं. पण शब्द म्हणजे शब्द. मागून पेन्सिलीचा आवाज आला. बाई रकान्यात नोंद करत होत्या. दुसरं चाकही फसफसलं. तिसरंही.

“म्हणजे फसले नव्हते,” बाई म्हणाल्या.

“चौथं ऱ्हायलंय.”

“तीन खरी म्हणजे चौथं काय खोटं असणार आहे?”

“तुम्ही तीन मुली बघून चौथीचं लगीन लावता का?”

चौथ्या चाकावर लिंबाचा थेंब पडला आणि तसाच बसून राहिला. बाईंनी आणखी पिळलं. बी पडलं, पण चाक काही बोललं नाही. रंगरावांनी अक्षरं बघायला सांगितली. नाव तेच होतं, पण कडा बोथट, जणू साबणावर कोरलेलं. टेपने मोजलं तर इतर तीन चाकांवरच्या नावापेक्षा हे नाव किंचित आखूड. खऱ्या चाकाचाच ठसा वाळूत घेऊन त्यात धातू ओतला, की तो गार होताना आक्रसतो, आणि नक्कल अस्सलापेक्षा केसभर लहान होते; हे वडिलांच्या भट्टीपासून रंगरावांना ठाऊक होतं.

“नक्कल हाय,” ते सावकाश म्हणाले, आणि आपणच निकाल दिला म्हणून जीभ चावली. “म्हंजे तुम्हाला तसं दिसत असंल तर.”

“म्हणजे त्या साहेबाने तीन खरी दिली आणि एकात फसवलं.” बाईंच्या आवाजात आता राग होता, पण तो मोरेश्वररावांवर नव्हता.

“दम धरा. जिथं टोपण बसतंय तिथं आत बघा. भट्टीवाले कधी कधी लोखंडी पंचानं खूण ठोकत्यात.”

नलिनीबाई स्टुलावरून खाली फरशीवर बसल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ही गोष्ट साधी नाही. पावडर, फडकं, चष्मा.

“दोन सहा. मग दोन. मग आठ चार.” त्या थांबल्या. “रंगराव, ही तारीख आहे. सव्वीस फेब्रुवारी चौऱ्याऐंशी.”

“असंल. त्याचं काय करायचं?”

“अहो, तारखेचं काय करायचं ते मला विचारा.”

या खेपेला त्या वरून आल्या तेव्हा त्यांच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची, कडा पिवळ्या पडलेली डायरी होती. घर बदलायचं म्हणून सगळ्या डायऱ्या खोक्यांत भरून झाल्या होत्या, पण खोक्यांवर सालं लिहिलेली होती. रंगराव अजून भिंतीकडेच तोंड करून होते. बाई म्हणाल्या, आता वळलात तरी चालेल, हे काही चाक नव्हे. ते वळले. बाईंनी डोळे बारीक करून वाचलं.

“रविवार, २६ फेब्रुवारी १९८४. हे सलग तिसऱ्या रविवारी भोसरीला, मित्राच्या फाउंड्रीवर. काय काम ते सांगत नाहीत. बहुधा रमी. रात्री बोलले नाही मी.”

“रमी न्हवती ती,” रंगराव म्हणाले.

“ते मलाही दिसतंय.” त्यांनी पानं मागे उलटली. तीन रविवारांच्या मागे, त्याहीमागे. एका पानावर बोट थांबलं.

“गुरुवार, २ फेब्रुवारी,” त्यांनी वाचलं. “लकडी पुलाजवळ पुढचं डावं चाक फुटपाथच्या दगडावर जोरात बसलं. मोठा आवाज. खूप घाबरले. हे उतरून बघून आले, म्हणाले, काही झालेलं नाही, चल पुढे.”

“मग चाकाला तिथंच चीर गेली. मॅग्नेशियम दगडावर बसलं की चिरतंच.” रंगरावांनी मान हलवली. “पण साहेबांसारख्या माणसानं असं कसं घातलं फुटपाथवर?”

“गाडी कोण शिकत होतं, रंगराव?”

रंगराव पुन्हा मीटरकडे बघायला लागले.

बाई बोलल्या, त्यांच्याशी की डायरीशी, ते कळेना. जाणकारांना का टाळायचे, ते आता लक्षात आलं म्हणाल्या. पहिल्या जाणकाराने चौथं चाक पकडलं असतं, मग ते कधी आणि कसं, हे निघालं असतं. त्यापेक्षा बायकोने भंगार म्हटलेलं त्यांनी चालवून घेतलं. “पण मला सांगायला काय झालं होतं? मी काय खाणार होते त्यांना?”

“सांगितलं असतं,” रंगराव म्हणाले, “तर तुम्ही परत गाडीला हात लावला असता?”

त्या अपघातानंतर नलिनीबाईंनी तीस वर्षं गाडी चालवली होती. मुलीला शाळेत, सासूबाईंना आळंदीला, आणि शेवटी मोरेश्वररावांना दवाखान्यात, आठवड्यातून दोनदा, स्वतः.

“नसता लावला,” त्या म्हणाल्या.

आता दिग्विजयचा प्रश्न राहिला. भाव सांगणार नाही, या बोलीवरून रंगराव हलले नाहीत. पण जिथे कोणाच्या जिवाचा प्रश्न असेल तिथे पोह्यांची अडचण धरायची नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं आणि पिशवीतून हातोडी काढली. तीन अस्सल चाकं वाजवली. तिन्ही कमीजास्त बद बोलली. मॅग्नेशियम पन्नास वर्षांत आतून खाल्लं जातं. चौथं मात्र असं घुमलं की वरच्या मजल्यावरच्या कोणीतरी खिडकी उघडली.

“तीन चाकं मखरात बसवायची. रस्त्यावर न्हाई. त्या पोराला हे मी सांगणार,” ते म्हणाले. “पळवायजोगं हे एकच हाय. साहेबांचं.”

नलिनीबाईंनी दिग्विजयला फोन लावला आणि तीन खरी, एक नक्कल, हे लपवाछपवी न करता सांगितलं; तीन रस्त्यावर पळवायची नाहीत, हे रंगरावांनी फोन घेऊन सांगितलं. पोरगा आधी हिरमुसला, मग म्हणाला, आजी, प्रदर्शनात उभी करायची गाडी आहे, चार लागतातच, चौथं कधी कोणी केलं ते लिहून मिळालं तर भाव फार पाडणार नाही. तीन चाकांवर रिक्षा चालते, हेरल्ड नाही, हे रंगरावांचं म्हणणं त्यालाही मान्य दिसलं.

लिहून देणं हे नलिनीबाईंचं काम. त्यांनी आधी इंग्रजीत मसुदा केला. रंगराव म्हणाले, बाई, मराठीत लिवा, माझ्या सांगण्यावरनं लिवताय, मला वाचता यायला पाहिजे. मग त्यांनी नव्या कागदावर लिहिलं आणि रंगरावांच्या हातात दिलं. ते ओठ हलवत वाचू लागले.

‘क्रमांक एक ते तीन मूळ चाके. क्रमांक चार मूळ नाही. ते श्री. मोरेश्वर गुप्ते यांनी २६ फेब्रुवारी १९८४ रोजी भोसरी येथे ओतून घेतले. मूळ चाक त्यांच्या पत्नीने २ फेब्रुवारी रोजी लकडी पुलाजवळ फोडले. श्री. गुप्ते यांची कोणीही फसवणूक केली नव्हती.’

“समदं बराबर हाय,” रंगराव म्हणाले. “पण शेवटची वळ गिऱ्हाइकाच्या काय कामाची?”

“ती गिऱ्हाइकासाठी नाही.”

बाईंनी खाली सही केली, तारीख घातली. रंगरावांनी बशी जवळ ओढली आणि उरलेले पोहे, आता मीठ खाल्लंच आहे तर, शेवटच्या दाण्यापर्यंत संपवले. चहाही घेतला. दोन कप.

संध्याकाळी नलिनीबाईंनी डायरी उघडली. रंगराव सुतार १०-३० ला आले, २-०५ ला गेले, असं लिहिलं. चाकांविषयी चार ओळी लिहिल्या. मग खाली लिहिलं:

‘गहू पाच किलो दळायला दिले. उद्या साडेपाचला मिळतील.’